बाळंतपणाच्या तयारीचे वर्ग: फी भरण्याआधी काय तपासावं

शहरांत या वर्गांचे दोन प्रकार सर्रास मिळतात. एक गर्भसंस्काराचा: मंत्र, संगीत, ध्यान, आहार. दुसरा फिजिओथेरपिस्ट किंवा प्रशिक्षित प्रसूती-शिक्षिका घेते तो: श्वास, बसण्या-उठण्याच्या पद्धती, लेबर रूममध्ये काय काय घडतं याची माहिती. पहिल्याने मनाला बरं वाटत असेल तर जरूर करावा, पण कळा सोसायची तयारी त्यात क्वचितच होते. हे परीक्षण दुसऱ्या प्रकाराचं आहे. सहा ते आठ सत्रं असतात. २८ व्या आठवड्याच्या आसपास सुरू केलं तर सरावाला वेळ उरतो.

पैसे वसूल होतात ते श्वासाच्या सत्रात. नाकाने सावकाश आत, तोंडाने त्याहून लांब बाहेर. चार आकडे आत, सहा बाहेर. खांदे खाली, जबडा सैल. चांगली शिक्षिका हे नुसतं सांगत नाही, मुठीत बर्फाचा खडा धरायला लावून मिनिटभर करून घेते, कारण ऐन भरातली कळ साधारण तेवढीच टिकते. काही वर्गांत मात्र पहिल्या कळेपासूनच भराभर ‘हा-हा-हू’ करायला लावतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि आधीच घाबरलेली बाई आणखी घाबरते. हलका धापेसारखा श्वास कामाचा आहे, पण जोर लावायची ऊर्मी येते आणि गर्भपिशवीचं तोंड पुरतं उघडलेलं नसतं तेव्हा, थोड्या वेळापुरता.

वेळेचं गणित बहुतेक ठिकाणी घाईत उरकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींप्रमाणे प्रसूतीचा सक्रिय टप्पा पिशवीचं तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यावर सुरू होतो. पहिलटकरणीला तिथवर पोचायलाच कित्येक तास, कधी अख्खा दिवस जातो. हे माहीत नसलं की पहिल्याच कळेला दवाखाना गाठला जातो, ‘अजून वेळ आहे’ ऐकावं लागतं, आणि खरी मेहनत सुरू व्हायच्या आत धीर सुटतो. सर्वसाधारण नियम असा: पाच मिनिटांच्या अंतराने, मिनिटभराच्या कळा तासभर टिकल्या की निघायचं. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली, ३७ आठवडे भरले नाहीत किंवा आधीचं सिझर असेल, तर वाट न बघता डॉक्टरांना गाठायचं. हे अपवाद न सांगता नुसता नियम घोकून घेणारा वर्ग धोक्याचा.

आता खरी गोची. जवळजवळ सगळे वर्ग नवरा-बायको अशी जोडी धरून चालतात. नवरा दोन महिने कंबर दाबायला शिकतो. मग डोहाळजेवण उरकून मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, आणि लेबर रूममध्ये आई किंवा मावशी असते, जिला यातलं काहीच कुणी सांगितलेलं नसतं. सरकारी दवाखान्यांत सोबतीण ठेवायला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये मान्यता दिली. त्यात भर बाई-नातेवाइकावर आहे. आडोशाची सोय असेल तिथे नवऱ्यालाही मुभा आहे. खाजगीत ज्याचा त्याचा नियम, तेव्हा आधी विचारून घ्या. आत जी येणार तिलाच वर्गात न्या. गावी असेल तर निदान दोन सत्रांना व्हिडिओवर बसवा.

तिला दोन गोष्टी आल्याच पाहिजेत. एक, माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर तळव्याने दाब देणं: कोपर सरळ, जोर हाताचा नव्हे, अंगाच्या वजनाचा, नाहीतर ती तासाभरात थकते. दुसरी, ८ ते १० सेंटीमीटरच्या टप्प्याची ओळख. तेव्हा बाळंतिणीचं अंग थरथरतं, उलटी होते, ‘मला नाही जमणार, सिझर करा’ असं तोंडून निघतं. बहुतेकदा ही शेवट जवळ आल्याची खूण असते. सोबतीला असलेल्या आईला हे ठाऊक नसलं तर तीच आधी रडायला लागते.

सिझरवर किती वेळ देतात हेही विचारा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २१.५ टक्के प्रसूती सिझरने झाल्या होत्या, खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के. तरीही ‘नॉर्मलच होणार’ एवढंच म्हणवून घेणारे वर्ग आहेत, आणि बेत बदलला की त्याच बायका स्वतःला दोष देत बसतात. पाठीत इंजेक्शन दिल्यावर दुखत नाही, पण ओढल्यासारखं जाणवतं, हुडहुडी भरते, समोर पडदा असतो, बाळ-बाळंतीण ठीक असतील तर बाळ तिथेच छातीवर ठेवता येतं. अर्ध्या तासात एवढं सांगून होतं.

बाळंतपणानंतरच्या मनाबद्दल बहुतेक वर्ग जेमतेम दहा मिनिटं बोलतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं तर डॉक्टरांकडे जायचं. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली वर्गातच हातात देणारी शिक्षिका मिळाली तर सोडू नका.

रेकॉर्ड केलेले ऑनलाइन कोर्स माहितीपुरते ठीक; पाठीची ठेवण चुकली तर सांगणारं कुणी नसतं. मोठा चेंडू घ्यायचाच तर बसल्यावर गुडघे कंबरेच्या किंचित खाली राहतील असा, आणि खाली न घसरणारी चटई हवीच. फी भरण्याआधी एक नमुना-सत्र मागा. त्या तासाभरात तुम्हाला खुर्चीवरून एकदाही उठवलं नाही, तर दुसरा वर्ग बघा.