डबा खरा, फिल्टर खोटा

माझ्याकडे जुन्या धाटणीची डिझेल थार आहे, अडीच लिटरच्या सीआरडीई इंजिनाची. काम पवनचक्क्यांच्या देखभालीचं, त्यामुळे गाडी डांबरावर कमी आणि सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, जास्त. पावसाळ्यात चिखल, आणि दिवाळी उलटली की तांबडा फुफाटा. पुढे एखादा डंपर असला तर स्वतःचं बोनेट दिसत नाही. अशा गाडीला एका दुकानदाराने नकली एअर फिल्टर विकला, आणि तोही नामांकित कंपनीच्या अस्सल डब्यातून. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण ही युक्ती एका दुकानापुरती नाही, म्हणून ती कशी चालते ते सविस्तर लिहितो.

जुन्या थारवाल्यांची अडचण आधी सांगायला हवी. एप्रिल 2020 पासून गाड्यांच्या धुराचं बीएस-6 प्रमाण लागू झालं, जुनी थार बंद झाली आणि त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला नवी आली. जुन्या गाडीचा भाग मिळतो, पण कंपनीच्या काउंटरवर गेलं की लगेच हातात पडेलच असं नाही. ‘मागवावा लागेल, थांबा’ हे ऐकून माणूस बाहेरच्या दुकानाकडे वळतो. नकली मालवाल्यांचं गिऱ्हाईक तिथेच तयार होतं.

मी दुकानात गेलो तेव्हा माझ्या शेजारी एक तरुण मुलगा तेल लावलेला, धुऊन वापरायचा सुती जाळीचा फिल्टर मागत होता. ‘पिकअप वाढतो’ म्हणून. दुकानदाराने त्याला चक्क नाही म्हणून सांगितलं. ‘तू मातीत गाडी घालणार, त्यात तो घेऊ नकोस. बारीक धूळ कागदाइतकी धरत नाही. वर तेल जास्त झालं तर ते पुढे सेन्सरवर जाऊन बसतं. साधा कागदी टाक.’ हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. सुती जाळी मोकळी असते, म्हणून हवा सोपी जाते, आणि ज्या वाटेने हवा सोपी जाते तिथून बारीक कणही जातो. ट्रॅकवर, डांबरावर त्याचं काय ते असो, सड्यावर त्याचं काम नाही. महागाची वस्तू विकायची सोडून हा माणूस खरं बोलतोय, हे बघून माझा विश्वास बसला. आज कळतं की तो सल्ला हेच गळाला लावलेलं आमिष होतं. खरं बोलण्यात त्याचं काही जात नव्हतं. महागड्या फिल्टरवर नफा असतो, पण नकली कागदी फिल्टर पूर्ण किमतीला खपवण्यात त्याहून कितीतरी जास्त असतो.

मला त्याने सीलबंद डबा दिला. होलोग्राम होता, भाग क्रमांक बरोबर होता, छापील किंमत होती, छपाई स्वच्छ. वर एमआरपीवर थोडी सूट. मग बिल मागितलं तर म्हणाला, ‘साहेब, पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा पडेल. हे एस्टिमेट घ्या, काही झालं तर मी बसलोय की इथे.’ पैसे यूपीआयने दिले. ते दुकानाच्या नावावर न जाता कुणा व्यक्तीच्या खात्यावर गेले.

यातल्या दोन गोष्टी प्रत्येकाने पाठ कराव्यात. एमआरपी म्हणजे सर्व करांसहित कमाल किंमत. तिच्यावर वेगळा जीएसटी लावणं बेकायदा आहे, मग पक्क्या बिलासाठी जादा पैसे कसले? आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच मुळात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. हातात एस्टिमेटचा कपटा देणारा दुकानदार तुमचे पैसे वाचवत नसतो, तो स्वतःचा पुरावा पुसत असतो.

फिल्टर बसवला, गाडी झकास चालू लागली. ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट. चोंदलेला फिल्टर तक्रार करतो: गाडी चढाला ओढत नाही, काळा धूर टाकते, डिझेल जास्त पिते. गळका फिल्टर काहीच बोलत नाही. उलट हवा मोकळी मिळते म्हणून इंजिन खूश असतं. दोन हजार आरपीएमवर अडीच लिटरचं इंजिन मिनिटाला सुमारे अडीच हजार लिटर हवा ओढतं, टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) धरला तर त्याहून जास्त. ती हवा डंपरच्या मागची असेल, तर कडेच्या केसाएवढ्या फटीतून दिवसभरात किती माती आत जाईल याचा अंदाज करा. आणि घातक असतो तो डोळ्यांना दिसणारा खडा नव्हे. पाच ते वीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण पिस्टनची रिंग आणि सिलिंडरच्या भिंतीमधल्या तेलाच्या थरात जाऊन बसतो. सिलिकाचा कण बिडापेक्षा कडक, तो तिथे पॉलिश पेपरचं काम करतो.

प्रकार उघडकीला आला तो मिस्त्रीमुळे. ऑइल बदलायला गाडी लावली होती. फिल्टर बघताना त्याने स्वच्छ बाजूच्या पाइपात बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट तांबडं. ‘ह्यो फिल्टर गाळतच न्हाय साहेब. नुसता बसलाय.’ मग त्याने टर्बोकडे जाणारा पाइप सोडला. आतून सगळीकडे तोच तांबडा लेप. टर्बोतल्या कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा टॉर्चने बघितल्या तर धार बोथटलेली दिसत होती.

आधीचा, कंपनीच्या केंद्रातून बसवलेला फिल्टर नशिबाने त्याच्याच कोपऱ्यात पडून होता. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा फरक कळला, आणि तो डब्यावरून कधीच कळला नसता. खऱ्याची कड मऊ, नखाने दाबली की दबून परत वर येणारी. नकलीची कड टणक आणि चकचकीत. खऱ्याच्या कडेवर फिल्टरच्या हाउसिंगच्या झाकणाचा दाब पडून एकसलग खाच उमटली होती. नकलीवर ती खाच एका बाजूला गायबच, म्हणजे तेवढ्या भागात झाकण कधी टेकलंच नव्हतं. खऱ्याचा क्रमांक साच्यातच उठवलेला, नकलीचा शाईचा शिक्का, डिझेलच्या फडक्याने पुसून निघाला. घड्या नकलीत कमी आणि असमान, काही ठिकाणी एकमेकींना चिकटलेल्या. मागून टॉर्च धरला तर घडी आणि कडेच्या जोडावर डिंक सुटलेल्या जागी उजेडाचे ठिपके दिसले. वजनातला फरक तर हातालाच कळत होता.

मग होलोग्राम कसा खरा? कारण डबा खरा होता. मिस्त्रीला हे नवं नव्हतं. भंगारवाले गॅरेजमधून न फाटलेले डबे वेगळे मागतात, रद्दीच्या भावापेक्षा बरे पैसे देतात. ते डबे पुढे जातात, त्यात डुप्लिकेट माल भरला जातो, तोंड पुन्हा चिकटवलं जातं. माझ्या डब्याच्या झाकणाची पट्टी उन्हात धरली तर खाली जुन्या गोंदाची रेघ दिसली. उत्पादनाचा महिनाही बराच जुना होता. असा डबा स्कॅन करा, ताडून बघा, सगळं बरोबरच येणार.

पवनचक्कीच्या गिअरबॉक्सच्या ऑइलचे नमुने आमच्याकडून नियमित प्रयोगशाळेत जातात. त्यांच्यासोबत पदरचे पैसे भरून माझ्या इंजिन ऑइलची बाटली पाठवली. अहवालात सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम दोन्ही चढलेले. नुसतं सिलिकॉन वाढलं तर ते गॅस्केटच्या सीलंटचंही असू शकतं, पण मातीत दोन्ही असतात, म्हणून जोडीला ॲल्युमिनियम आलं की संशय मातीवर जातो. लोखंडही बरंच होतं, मात्र त्यावर मी भर देत नाही, कारण सड्याची जांभ्याची माती मुळात लोखंडानेच तांबडी आहे. क्रोमियम वाढलं होतं त्याचं मला जास्त वाईट वाटलं, ते बहुधा रिंगांचं. ज्यांना ऑइल तपासून घेणं शक्य आहे त्यांनी घ्यावं. भांडणात हा कागद दुकानदाराच्या तोंडच्या वाफेपेक्षा जड पडतो.

दुकानदाराची उत्तरं ठरलेली होती. आधी ‘फिटिंग चुकलं असेल’. मग ‘हा आमचा मालच नाही’. मग ‘बिल दाखवा’. बिल न देणारा बिल मागत होता! त्याच्या अक्षरातलं एस्टिमेट आणि त्याच दिवशीची यूपीआयची नोंद पुढे ठेवली, तेव्हा स्वर उतरला आणि फिल्टरचे पैसे परत द्यायला तयार झाला, मी लिहून देणार असेन तर, की तक्रार नाही. मी लिहून दिलं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली. तिथून दोन्ही बाजूंना बोलतं करतात, आदेश मात्र देता येत नाही. म्हणून नोटीस पाठवून जिल्हा आयोगात गेलो. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ज्या कंपनीचा डबा वापरला तिलाही फोटोंसह कळवलं, कारण खोट्या व्यापारचिन्हाचा माल विकणं हा 1999 च्या ट्रेड मार्क कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्यात सगळ्यात जास्त रस चिन्हाच्या मालकालाच असतो. एक काळजी घ्या: नकली फिल्टर आणि डबा रागाच्या भरात दुकानात टाकून येऊ नका. दुकानदार ‘ठेवा, कंपनीला पाठवतो’ म्हणतो ते हा पुरावा तुमच्या हातातून काढून घेण्यासाठीच.

आता फिल्टर घेताना मी डब्याकडे बघतच नाही. काउंटरवरच उघडायला लावतो आणि जुना फिल्टर सोबत नेतो: कड दाबून बघायची, घड्या शेजारी लावून बघायच्या, मोबाइलचा टॉर्च मागून धरायचा. ‘सील फोडलं तर घ्यावंच लागेल’ म्हणणाऱ्या दुकानातून तसाच बाहेर पडतो. ब्रँड कोणता, हा प्रश्न मला आता दुय्यम वाटतो. गाडीच्या कंपनीचा असो की चांगल्या फिल्टर-कंपनीचा, कागदी असावा, कड नीट बसणारी असावी आणि पक्क्या बिलाने घेतलेला असावा. एअर फिल्टर तपासण्याचं आयएसओ 5011 असं प्रमाण आहे. चांगल्या कंपन्या त्यानुसार चाचणी केल्याचं सांगतात, ‘हाय फ्लो’ एवढंच छापणारे सहसा सांगत नाहीत.

बसवल्यावर मिस्त्री एक जुनी युक्ती करतो. फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे स्वच्छ बाजूच्या पाइपाला आतून ग्रीसचा पातळ हात लावतो, दोन-चार दिवस सड्यावर गाडी फिरली की उघडून बघतो. ग्रीस जसंच्या तसं असेल तर काम झालं. त्यावर रव्यासारखी माती दिसली तर दोष फिल्टरचा, नाहीतर सैल क्लिपचा किंवा पाइपाच्या चिरेचा. स्नॉर्केल बसवला म्हणून यातून सुटका नाही, तो हवा उंचावरून घेतो, गाळत नाही. आणि कॉम्प्रेसरची हवा मारून कागद ‘साफ’ करून देणाऱ्या पंपावरच्या पोराला हात लावू देऊ नका. जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. थोडी धूळ बसलेला कागद नव्यापेक्षा उलट बारीक गाळतो, त्यामुळे फार लवकर बदलण्यातही अर्थ नाही. मात्र फुफाट्यात चालणाऱ्या गाडीला पुस्तकातला किलोमीटरचा आकडा लागू होत नाही, तिथे उघडून बघण्याला पर्याय नाही.

आयोगात तारीख पुढे गेली आहे. इंजिन अजून खोललेलं नाही, ऑइल थोडं खातंय, पुढच्या नमुन्यात क्रोमियम वाढलं तर खोलावं लागेल. मिस्त्रीने मात्र एक नियम केला आहे: नवा भाग बसवला की डब्यावर ब्लेडने आडवी-उभी चीर मारायची, होलोग्राम खरवडायचा, मगच तो रद्दीत टाकायचा. नेहमीचा भंगारवाला त्यावरून दोनदा भांडून गेला.