हरणाला नेम कुठं धरायचा: फुप्फुस, फरा, मान का डोकं?

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. हे आपल्या इकडच्या हरणांबद्दल नाही. काळवीट हरभऱ्यात कळपानं उतरला, अर्धं रान खाऊन गेला, तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, शिकार केली तर ३ ते ७ वर्षं आत, विषय संपला. लातूर-नांदेडची जी पोरं अमेरिकेत नोकरीला गेलीत अन् ऑफिसातला कुणी गोरा मित्र हंटिंगला चल म्हणतोय म्हणून तयार झालीत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दिवाळी झाली की भाच्याचे अन् त्याच्या दोस्तांचे फोन सुरू होतात, मामा नेम कुठं धरू, कारण तिकडच्या विस्कॉन्सिन राज्याचा ९ दिवसांचा बंदुकीचा सीझन थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी लागतो. मी तिकडं राहून हे केलंय.

अन् एच-वन-बीवर नाहीतर स्टुडंट व्हिसावर असाल तर तिकडच्या फेडरल कायद्यानं बंदूक जवळ बाळगायचीच बंदी आहे, रीतसर काढलेलं हंटिंग लायसन्स असलं तर सूट मिळते. म्हणून मित्राची रायफल हातात घ्यायच्या आधी लायसन्स, आणि विस्कॉन्सिनमधे १ जानेवारी १९७३ पासून पुढं जन्मलेल्यांना त्याच्याही आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगितलं.

आता मुद्द्यावर. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, जागेवर कुठं पडतंय? गोळी बरोबर लागली तर चारही जागी जनावर मरतंयच की. बघायचं हे की नेम चार बोटं हुकला तर पुढं काय होतंय. पहिल्या सीझनला थंडीनं बोटं आखडलेली, छाती धडधडतीये, नेम हुकणारच थोडा, मग कुठली जागा तुमची चूक पोटात घालते ते बघून ठरवा.

फुप्फुस. व्हाइटटेल हरीण आडवं, म्हणजे पूर्ण बाजू तुमच्याकडं करून उभं असेल तर पुढच्या पायाची मागची कड डोळ्यानं वर न्यायची, छातीच्या खालच्या रेषेपासून एक तृतीयांश वर थांबायचं. तिथं हृदय-फुप्फुसाचा जो पट्टा आहे तो साधारण ८ इंचाचा धरतात. जरा वर गेली तरी फुप्फुस, जरा खाली गेली तर हृदय, थोडी पुढं गेली तर फरा, म्हणजे पुढच्या पायाचा खांदा, थोडी मागं गेली तर फुप्फुसाची मागची कड नाहीतर लिव्हर. बघा किती बाजूनं सांभाळून घेतंय. नेमका हृदयावरच नेम धरायचा मोह होतो पण हृदय लई खाली, दोन कोपरांच्या मधे असतंय, तिथून थोडं खाली गेलं की नुसता पाय मोडतो अन् ते तीन पायांवर निघून जातंय. म्हणून हृदयाच्या वरच्या काठावर धरा.

याची तक्रार एकच, जनावर जागेवर पडत नाही. ५०-१०० यार्ड पळतं. पोरं घाबरतात, हुकली वाटतं. हुकलेली नसते, दोन्ही फुप्फुसं गेली की दहा-पंधरा सेकंदात ते खाली बसतंय, फक्त तेवढ्यात ते झाडीत गेलेलं असतंय. मटण मात्र जवळजवळ सगळं वाचतं, बरगड्यांवर असतंच किती.

एक छोटी गोष्ट पण लई कामाची. तुमच्याकडच्या बाजूचा पुढचा पाय मागं असला तर थांबा. हरीण चरताना एकेक पाऊल टाकतं, तो पाय पुढं गेला की फरा सरकतो अन् बरगड्यांची खिडकी उघडी पडते. घाई केली तर फऱ्याच्या हाडावर बसते.

कोनाचं पण बघा. थोडं पाठमोरं, तिरकं उभं असेल तर नेहमीची जागा विसरा, गोळी पलीकडच्या पुढच्या पायापाशी बाहेर पडली पाहिजे असं धरा, म्हणजे आत जायची जागा आपोआप मागं सरकते. तुमच्याकडं तोंड करून तिरकं असेल तर रायफलवाल्यानं जवळच्या फऱ्याच्या पुढच्या कडेला धरावं, धनुष्यवाल्यानं सोडून द्यावं. पूर्ण पाठमोरं असेल तर कुणीच मारू नये, वजडी फुटते, सगळं मटण नासतं अन् जनावर तासन् तास हाल होऊन मरतं.

फरा. फऱ्याच्या वरच्या भागात, दोन्ही हाडं मोडतील अशी गोळी. बरेच जुने शिकारी याच्यावरच आहेत, कारण बसली की जागेवर कोसळतंय, वर मणक्यालाही धक्का बसतो. शेजारच्याचं कुंपण ३० यार्डावर आहे किंवा पुढं दलदल आहे अशा ठिकाणी मी पण हेच सांगेन, कारण दुसऱ्याच्या जमिनीत पडलेलं हरीण आणायला परवानगी मागत फिरायचं म्हणजे डोक्याला ताप. पण किंमत आहे. एक फरा तर गेलाच, कधी दोन्ही, हाडाचे तुकडे अन् शिसं मटणात पसरतं, ते सगळं कापून टाकावं लागतं. हलकी, लवकर फुटणारी गोळी असेल तर हाडावरच फुटते, आत जात नाही. .३०८ नाहीतर .३०-०६ बोअरच्या रायफलीला जड गोळी असेल तर ठीक, बारीक .२४३ असेल तर फुप्फुसावरच राहा. अन् लई वर गेली तर मणक्याच्या वरच्या मांसातून आरपार, जनावर पडतं, उठतं आणि पळतं. त्यामुळं पडलं म्हणून नाचू नका, पुढची गोळी चेंबरमधे घाला अन् बघत राहा.

मान. मटण वाचतं, मणक्याला बसली तर जागेवर गार. बसली तर. मान जाड दिसते पण आतला मणका बारीक, सीझनमधे नराची मान फुगलेली असते तेव्हा तर कुठून जातो तेच कळत नाही. चुकली तर श्वासनळी नाहीतर अन्ननळी फाटते, अन् ते तसंच निघून जातं.

डोकं तर बोलूच नका. मेंदू मुठीपेक्षा लहान, अन् हरणाच्या अंगात सगळ्यात जास्त हलणारी वस्तू म्हणजे डोकं. चार बोटं हुकली की जबडा तुटतो, जनावर जिवंत राहतं अन् उपासानं मरतं. मी तरी हा नेम कुणाला सांगणार नाही, कितीही चांगला नेमबाज असला तरी.

धनुष्यवाल्यांना चॉइस नाहीच, फुप्फुस, ते पण आडवं नाहीतर थोडं पाठमोरं असतानाच, बाण फऱ्याच्या हाडातून जाईल याचा भरवसा नाही. दुसरं म्हणजे आवाज सेकंदाला ११०० फुटाच्या आसपास जातो अन् बाण जेमतेम ३०० फूट, म्हणजे दोरीचा आवाज आधी पोचतो, हरीण पळायच्या तयारीत खाली दबतं अन् बाण वरून जातो. म्हणून खालचा तिसरा हिस्सा. झाडावरच्या मचाणावरून मारत असाल तर थोडं वर धरा, वरून खाली जाताना दोन्ही फुप्फुसं लागायला पाहिजेत, एकच लागलं तर ते लई लांब जातं.

गोळी लागल्यावर लगेच पळू नका, हे सगळ्यांना लागू. गोळी लागली त्या जागी जाऊन बघा. रक्त गुलाबी अन् फेसाळ, बुडबुडे असलेलं, पानावर शिंपडल्यासारखं, म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबून निघा. गडद लाल असेल तर बहुतेक लिव्हर, तीन-चार तास तरी. हिरवट, चघळलेला पाला अन् वास, आणि गोळी लागताना हरणानं पाठ कमानीसारखी केली होती, म्हणजे पोट. आठ-दहा तास जाऊच नका, हाकललं तर मैलभर जाईल, सोडलं तर जवळच बसून राहील.

मान-डोक्याच्या विरोधात अजून एक. विस्कॉन्सिनमधे २००२ पासून हरणांत सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग सापडतोय, त्याच्या टेस्टसाठी घशामागच्या गाठी लागतात, म्हणजे मुंडकं मानेच्या वरच्या भागासकट नीट द्यावं लागतं. तिथंच गोळी मारली तर सॅम्पल काय देणार? माणसाला झाल्याचं सिद्ध नाही, पण पॉझिटिव्ह आलेलं खाऊ नका असंच तिथली आरोग्य खाती सांगतात. रिझल्ट येईपर्यंत पाकिटावर नंबर लिहून फ्रीजरमधे ठेवा, गावाकडनं आणलेला काळा मसाला तोवर डब्यातच राहू द्या.