मिनिएचर घोड्याचे वाढलेले खूर: एकाच बैठकीत काढावेत की टप्प्याटप्प्याने?

घोडा लंगडतो आहे आणि त्याचे खूर मोजडीच्या चोचीसारखे पुढून वर वळले आहेत, अशा वेळी मालकापुढे दोन मार्ग असतात. नालबंदाकडून सगळी वाढ एकाच बैठकीत काढून घ्यायची, किंवा दर तीन-चार आठवड्यांनी थोडे थोडे तासून खूर मूळ आकारावर आणायचे. पहिला मार्ग स्वस्त आणि दुसरा सुरक्षित, असे सरसकट सांगितले जाते. पण खुराच्या प्रत्येक भागाला ते सारखे लागू पडत नाही.

अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नोंदणीत घोड्याची उंची, आयाळीच्या शेवटच्या केसांपाशी मोजल्यास, ३४ इंचांपेक्षा जास्त चालत नाही. इतक्या हलक्या जनावराचे खूर मऊ कुरणात फारसे झिजत नाहीत. महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढत राहतात आणि बहुधा टाचा उंच होत जातात. खूरच लहान असल्याने कानशीचा एखादा जादा हातही मोठ्या घोड्यापेक्षा अधिक जाणवतो.

पुढच्या टोकाच्या बाबतीत झटपट मार्ग उजवा ठरतो. लांबलेले टोक प्रत्येक पावलाला तरफेसारखे काम करून खुराची भिंत आतल्या हाडापासून ओढते, त्यामुळे ते महिनोन्महिने ठेवण्यात काही हशील नाही. टाचेचे मात्र उलट आहे. उंच टाच एकदम उतरवली की पायामागून येऊन खुरातल्या हाडाला जोडलेल्या कंडरेवर ताण वाढतो, आणि लॅमिनायटिसने, म्हणजे खुराची भिंत आतल्या हाडाला धरून ठेवणाऱ्या थराच्या सुजेने, त्या हाडाची पकड आधीच सैल झाली असेल, तर हाड आणखी फिरण्याचा धोका असतो. म्हणून टाच टप्प्याटप्प्यानेच उतरवावी आणि तळवा शक्यतो कोरू नये. हाड कुठे आहे हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे फार वाढलेल्या खुराला हात लावण्यापूर्वी पशुवैद्याकडून बाजूने एक्स-रे काढून घेण्याचा खर्च मला तरी टाळण्याजोगा वाटत नाही.

दोन्ही पुढचे खूर गरम लागणे, घोट्यापाशी नाडी जोरात उडणे, घोड्याने भार मागे टाकून पुढचे पाय लांबवून उभे राहणे ही लॅमिनायटिसची लक्षणे आहेत. अंगाने भरलेल्या, हिरव्या चाऱ्यावर मोकळ्या सुटलेल्या मिनिएचरमध्ये हा आजार वारंवार दिसतो, आणि तिथे चारा न बदलता केवळ खूर तासणे व्यर्थ आहे. एकच पाय अचानक टेकवेनासा झाला, तर आधी खुरात पू झाल्याची शंका घ्यावी. मागचा पाय क्षणभर ताठ अडकून टोक घासत येत असेल, तर दोष बहुधा गुडघ्याच्या वाटीत असतो. तिथे वरच्या दोन्ही मार्गांनी फारसे साधत नाही.

नाल ठोकण्याचा पर्याय क्वचितच कामाचा, कारण पातळ भिंतीत खिळ्याला जागा नसते. दुखऱ्या तळव्याखाली फोमची गादी चिकटपट्टीने बांधणे पुरते.

टप्प्याटप्प्याचा मार्ग घेतल्यास नालबंदाच्या फेऱ्या वाढतात, तेव्हा माणूस पारखून घ्यावा. मोठ्या घोड्यांची सवय असलेला नालबंद उभ्याने काम करताना मिनिएचरचा पाय आपल्या मांडीपर्यंत, तोही बाहेरच्या बाजूला, उचलतो. त्याने सांधे दुखतात, घोडा झटके देतो आणि उगाच खोडकर ठरतो. गुडघ्यावर बसून, पाय जमिनीलगत धरून तासणारा नालबंद थोडे जास्त पैसे घेत असला तरी त्यालाच बोलवावे.