नदीकाठी २२ माणसे आणि दोन रात्री : स्टिलाग्वामिशच्या खोऱ्यातील सामूहिक कॅम्प

वॉशिंग्टन राज्यात, सिॲटलच्या ईशान्येला, ग्रॅनाइट फॉल्स हे गाव मागे पडले की माउंटन लूप हायवे स्टिलाग्वामिश नदीच्या दक्षिण शाखेचा हात धरून कॅस्केड पर्वतात शिरतो. या रस्त्याच्या कडेने माउंट बेकर-स्नोक्वाल्मी राष्ट्रीय वनाने मोठ्या गटांसाठी काही जागा राखून ठेवल्या आहेत. वायली क्रीक, एसवाइन, कोल क्रीक, मार्टन क्रीक ही त्यांतली काही नावे. त्यांपैकी एका जागी आमच्या सहा कुटुंबांनी, म्हणजे एकूण २२ माणसांनी, ऑगस्टमधल्या एका शुक्रवारपासून रविवारपर्यंत मुक्काम केला. आमच्यात सर्वांत लहान मुलगी चार वर्षांची होती आणि सर्वांत मोठे होते नाशिकहून तीन महिन्यांसाठी आलेले माझे सासरे, वय वर्षे ७३. माझे मत आधीच सांगते : ही सोय उत्तम आहे, परंतु ती फार थोडे देते, आणि ते थोडे म्हणजे नेमके काय हे समजून न घेता गेलेल्या गटाची तिथे त्रेधा उडते. आमची उडाली, आणि ती पाण्यावरून उडाली; म्हणून या परीक्षणात पाण्याविषयी अधिक लिहिले आहे.

‘राष्ट्रीय’ हा शब्द ऐकून आपल्यातली बरीच मंडळी राष्ट्रीय उद्यानाची अपेक्षा मनात धरून येतात. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्याने वेगळ्या खात्याकडे आहेत. राष्ट्रीय वने १९०५ पासून कृषी खात्याच्या वनसेवेकडे आहेत, आणि वनसेवेच्या लेखी जंगल ही केवळ पाहण्याची वस्तू नसून लाकूड, पाणी, चराई, शिकार आणि विरंगुळा या सगळ्यांसाठी राखलेली जमीन आहे. त्यामुळे तिथे प्रवेशद्वार नाही, उपाहारगृह नाही, आंघोळीची सोय नाही, आणि वस्तू विसरली तर ती घेण्यासाठी दुकानही नाही. सामूहिक जागेत जे मिळते ते मोजकेच आहे : तंबू ठोकण्यापुरती मोकळी जमीन, जड लाकडी टेबले, लोखंडी कडे बसवलेली शेकोटीची जागा, खड्ड्याचे शौचालय आणि नदी. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, पिण्याच्या पाण्याचा नळ नाही. हे सगळे आरक्षणाच्या पानावर स्पष्ट लिहिलेले असते. आम्ही ते वाचलेही होते, पण त्याचा अर्थ आम्हांला तिथे पोहोचल्यावर कळला.

आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरून होते. सामूहिक जागा साधारणतः मुक्कामाच्या १२ महिने आधी खुल्या होतात आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार लवकर संपतात, त्यामुळे ‘जमेल तेव्हा बघू’ अशा वृत्तीच्या मित्रमंडळाला तिथे जागा मिळणे कठीण आहे. भाडे पूर्ण जागेचे असते, माणशी नसते. २० माणसांत वाटले की ते हॉटेलच्या मानाने फारच कमी वाटते. मात्र शेवटच्या दोन आठवड्यांत बेत रद्द केल्यास पहिल्या रात्रीचे भाडे बुडते, म्हणून येणाऱ्यांची नावे आणि पैसे आधीच गोळा करावेत. गाड्यांच्या संख्येवरही मर्यादा असते. सहा कुटुंबे सहा गाड्यांनी न जाता चार गाड्यांत बसली तर सगळ्यांचेच सोयीचे होते.

आता प्रत्यक्ष जागेविषयी. डांबरी रस्त्यावरून आत वळताच उजेड एकदम हिरवा होतो. डग्लस फर, हेमलॉक आणि लाल देवदार यांची उंच खोडे, त्यांच्यामध्ये मोठ्या पानांचे मेपल, आणि या सगळ्यांच्या अंगावर लोकरीसारखे जाड शेवाळ. हे जंगल मूळचे नाही. गेल्या शतकात तोड झाल्यानंतर पुन्हा वाढलेले आहे. मूळच्या देवदारांचे प्रचंड बुंधे अजून जागच्या जागी उभे आहेत आणि त्यांच्या बाजूंना हातभर उंचीवर खाचा दिसतात. त्या खाचांत फळी अडकवून, त्या फळीवर उभे राहून लाकूडतोडे करवत चालवत असत. आमच्या मुलांना हे सांगितल्यावर त्यांनी दोन दिवसांत असे सात बुंधे शोधून काढले. याच खोऱ्यातून १८९३ मध्ये माँटे क्रिस्टोच्या खाणींपर्यंत रेल्वे नेली होती. नदीच्या पुरांनी तिचे रूळ पुन्हा पुन्हा वाहून नेले आणि अखेर ती बंद पडली. आजचा रस्ता काही ठिकाणी त्याच रेल्वेच्या मार्गावरून जातो. नदीचा स्वभाव समजून घेण्यासाठी ही एवढी माहिती पुरेशी आहे, असे मला वाटते.

नदी तंबूंपासून काही पावलांवर होती. तिचा आवाज पहिल्या तासात मोठा वाटतो, संध्याकाळपर्यंत कानांना त्याची सवय होते, आणि रात्री मात्र तो पुन्हा जवळ येतो. आपल्याकडच्या नदीला घाट असतो, उतरायला पायऱ्या असतात. इथे काठ म्हणजे नारळापासून रांजणापर्यंतच्या आकाराचे गोल गोटे, आणि ते पायाखाली हलतात. सासऱ्यांना सकाळी नदीत उभे राहून अर्घ्य द्यायचे होते. काठीच्या आधाराने आणि माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून ते घोट्याइतक्या पाण्यापर्यंत गेले, ओंजळ भरून त्यांनी तीन वेळा सोडली आणि लगेच मागे फिरले, कारण ऑगस्टमध्येही ते पाणी पायांना बधिर करते. ‘गोदावरीपेक्षा ही फार तरुण आहे,’ एवढेच ते म्हणाले.

या नदीचे वेळापत्रक आपल्या नद्यांसारखे नाही, आणि मुले बरोबर असणाऱ्यांनी ते नीट लक्षात ठेवावे. सह्याद्रीतली नदी आषाढ-श्रावणात फुगते आणि उन्हाळ्यात हाडे दाखवते. कॅस्केडमधली नदी मे-जूनमध्ये, ऊन पडू लागले की, वरचा बर्फ वितळल्यामुळे जोरात येते. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये ती सर्वांत उथळ असते. आणि शरद ऋतूत मोठा पाऊस लागला की पुन्हा पूर येतो. म्हणजे जूनमधला पहिला छान, उबदार शनिवार हाच नदीत उतरण्यासाठी सर्वांत धोक्याचा असू शकतो. ऑगस्टमध्येसुद्धा आम्ही दोन नियम पाळले : गोट्यांच्या पट्ट्यापलीकडे मुलाबरोबर मोठे माणूस असल्याशिवाय जायचे नाही, आणि पाण्यात पडलेल्या झाडाजवळ कोणीही जायचे नाही, कारण प्रवाह माणसाला फांद्यांखाली ओढून धरतो.

पाण्याचा प्रसंग असा घडला. आम्ही प्रत्येकी पाच गॅलनचे, म्हणजे १९ लिटरचे, सहा कॅन भरून नेले होते. एकूण ११४ लिटर. घरी ओट्यावर मांडलेले ते कॅन पाहून पुष्कळ वाटले होते. शनिवारी दुपारी जेवणानंतर शेवटचा कॅन अर्ध्यावर आला. चूक कोठे झाली ते नंतर कागदावर मांडले. इथल्या पुस्तिकांमध्ये माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, असा सल्ला असतो, आणि आम्ही तेवढेही नेले नव्हते. शिवाय आपला स्वयंपाकच मुळी पाण्याचा आहे. शुक्रवारी रात्री खिचडी आणि कढी, शनिवारी सकाळी पोहे आणि दोनदा चहा, दुपारी वरण-भात आणि बटाट्याची भाजी. तांदूळ धुणे, डाळ शिजवणे, पोहे भिजवणे, आणि मग तेलकट पातेली घासणे. ब्रेडमध्ये काहीतरी भरून खाणाऱ्या शेजारच्या गटाला हा प्रश्नच येत नाही. दोघे जण गाडी घेऊन ग्रॅनाइट फॉल्सपर्यंत परत गेले आणि पाणी घेऊन आले. दुपारचे दीड-दोन तास त्यात गेले.

नदी समोर वाहत असताना पाण्यासाठी गाडी काढावी लागते, हे सासूबाईंना पटत नव्हते. परंतु ते पाणी तसेच पिणे योग्य नाही. दिसायला कितीही निर्मळ असले तरी जंगली प्राण्यांच्या विष्ठेतून येणारे जिआर्डियासारखे जंतू त्यात असू शकतात. शिवाय या नदीकाठी गोल्ड बेसिन येथे चिकणमातीचा एक कडा वर्षानुवर्षे ढासळत आहे आणि त्याच्या खालच्या बाजूला पाणी अनेकदा राखाडी, गढूळ असते. पाणी खळखळून एक मिनिट उकळले की जंतू मरतात. गाळ मात्र आधी खाली बसू द्यावा लागतो किंवा फडक्यातून गाळून घ्यावा लागतो. रविवारी आम्ही भांड्यांसाठी असेच उकळलेले पाणी वापरले आणि भांडी नदीपासून ६० मीटर दूर, झाडीत घासली. साबण नदीत जाऊ देऊ नये, अगदी निसर्गस्नेही म्हणून विकला जाणारा साबणसुद्धा. ज्या नदीत सामन मासे अंडी घालण्यासाठी समुद्रातून परत येतात, आणि ज्यांना ग्रॅनाइट फॉल्सचा धबधबा ओलांडता यावा म्हणून १९५४ मध्ये खास पायऱ्यांचा जलमार्ग बांधला गेला, तिथे आपली कढईची तेलकट राख ओतणे मला मनापासून चुकीचे वाटते.

आमच्या अनुभवावरून हिशेब असा : माणशी रोज चार लिटर धरल्यास २२ माणसांना दोन दिवसांसाठी १७६ लिटर, म्हणजे किमान दहा कॅन. ते फक्त पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी. हात-तोंड आणि भांडी यांसाठी नदीचे पाणी उकळण्यास एक मोठे पातेले आणि स्वतंत्र गॅसची शेगडी ठेवावी. कॅनला नळाची तोटी असावी, नाहीतर प्रत्येक पेल्यामागे निम्मे पाणी जमिनीत जाते.

शौचालय स्वच्छ होते. कागद रविवारी सकाळी संपला, पण मोठ्या गटाने आपला साठा नेणे हेच बरोबर. शेकोटीबाबत आमचे नशीब चांगले होते. कोरड्या उन्हाळ्यात वनसेवा आगीवर बंदी घालते, त्यामुळे सगळा स्वयंपाक चुलीवर करण्याचा बेत आखू नये. लाकूड घरून नेऊ नये, जवळच विकत घ्यावे, कारण लाकडातून झाडांना मारणारे किडे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात. या भागात काळी अस्वले आहेत, म्हणून रात्री सगळे खाणे, तुपाचा डबा आणि दातांची पेस्टसुद्धा गाडीत बंद करावी. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते. आम्ही त्याआधी भेंड्या संपवल्या.

वयस्कर माणसांना न्यावे की नाही, असे मला अनेकांनी विचारले. गुडघे बरे असतील तर जरूर न्यावे, पण त्यांच्यासाठी उंच खाट आणि जाड पांघरूण हवे. ऑगस्टमध्येही पहाटे स्वेटर लागतो. दिवसा त्यांना बिग फोर पर्वताच्या पायथ्याच्या पिकनिकच्या जागी न्यावे. तिथे १९२१ मध्ये बांधलेले एक हॉटेल होते, ते १९४९ मध्ये जळाले. आता त्याचे धुराडे तेवढे गवतात उभे आहे आणि समोर पर्वताची कातळभिंत दिसते. सासू-सासरे तिथे तासभर बसून राहिले. पलीकडच्या बर्फाच्या गुहांपर्यंत साधारण एक मैलाची सोपी वाट आहे, परंतु गुहांच्या आत किंवा जवळ जाऊ नये. २०१५ च्या जुलैमध्ये तिथले बर्फ कोसळून माणसे दगावली आहेत. अशा ठिकाणी गाडी उभी करण्यासाठी पाच डॉलरचा दिवसाचा किंवा ३० डॉलरचा वार्षिक पास लागतो.

एक गोष्ट मनाला लागून राहिली. गोल्ड बेसिनचे मोठे कॅम्पग्राउंड २०१४ मध्ये दरडीच्या भीतीने बंद करण्यात आले. त्याच वर्षी २२ मार्चला याच नदीच्या उत्तर शाखेवर ओसो येथे डोंगर खचून ४३ माणसे गेली. आपल्याकडे माळीण गावही त्याच वर्षी, ३० जुलैला, गाडले गेले. त्यामुळे वनसेवेने एखादी जागा बंद केली असेल तर कुरकुर न करता दुसरी जागा शोधावी, आणि खुल्या जागेतही तंबू नदीच्या अगदी कडेला किंवा ढासळत्या उताराखाली ठोकू नये.

ज्यांना गरम पाण्याची आंघोळ, फोन आणि शेजारी दुकान हवे, त्यांनी खाजगी कॅम्पग्राउंड निवडावे. १५ ते २५ माणसांचा एकमेकांना ओळखणारा गट असेल आणि कामे वाटून घेण्याची तयारी असेल, तर इतक्या जवळ, सिॲटलपासून दीड तासाच्या आसपास, संपूर्ण नदीकाठ आपल्या गटापुरता मिळण्याची अशी सोय मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही. पुढच्या ऑगस्टसाठी आम्ही तीच जागा घेतली आहे. कॅन दहा घेतले आहेत, आणि ते भरण्याचे काम दोन ठरावीक माणसांकडे सोपवले आहे.