सीडीएस की ऐरोलीची नोकरी, आमच्या घरातला विषय

धाकट्या भावाचं बीकॉम झालं, आम्ही कळव्याचे, आणि महिनाभर घरात एकच चालूय, ऐरोलीच्या कंपनीत जॉइन व्हायचं की सीडीएस, म्हणजे सैन्यात अधिकारी व्हायची परीक्षा, द्यायची.

नोकरीचं सोपंय. ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडली की ऐरोली जवळच, आईचा डबा, पगार लगेच चालू. नाईट शिफ्ट मात्र आहे. आईने ऑफर लेटर हळदकुंकू लावून देवघरात ठेवलंय.

आर्मीचं गणित मोठं. यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते, ती निघाली तर एसएसबी, म्हणजे निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत, पाच दिवसांची आणि पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगमध्ये बरीच पोरं घरी येतात, मग मेडिकल. चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत, साधारण ११ महिने ट्रेनिंग, तेव्हाच महिना ५६,१०० स्टायपेंड, लेफ्टनंट झाल्यावर बेसिक तेवढंच पण वर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५०० आणि भत्ते. पण शॉर्ट सर्व्हिस १० वर्षांची, फारतर ४ वाढतात, पेन्शन नाही, हे कोणी नीट सांगतच नाही! पस्तिशीत परत नोकरी शोधायची. डेहराडूनच्या आयएमएतून, म्हणजे इंडियन मिलिटरी अकादमीतून, गेला तर परमनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, तिथे वयाची अट जास्त कडक.

भाऊ पहाटे पाचला खाडीपूल ओलांडून तलावपाळीपर्यंत धावतो, उजव्या बुटाचा तळ पार झिजलाय.

मला विचाराल तर आधी सीडीएसच द्यावी, कारण कंपन्या पुढेही घेतील, वय मात्र थांबत नाही. आईला हे अजून पटत नाहीये.