उन्हाळाभर वापरून पाहिलेली कापडं : लहान मुलांसाठी मलमल, कॅम्ब्रिक, होजिअरी आणि बाकीची

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, झाली की इंदुरात ऊन चढायला लागतं आणि आमच्याकडे शिलाई मशीनवरचं कव्हर निघतं. यंदा नात चार वर्षांची, नातू सव्वा वर्षाचा. ती दिवसभर अंगणात, तो घरभर रांगत, धडपडत, मानेपासून पाठीपर्यंत घामाने निथळत. दोघांसाठी क्लॉथ मार्केट आणि शीतलामाता बाजारातून मलमल, कॅम्ब्रिक, होजिअरी, रेयॉन, थोडं बाग प्रिंट आणि लिननचा एक कटपीस आणला. झबली, बंड्या, फ्रॉक, चड्ड्या शिवल्या. आता श्रावण लागलाय, सगळं भरपूर धुऊन झालंय, म्हणून हा अनुभव लिहिते आहे.

सगळ्यात आधी हे सांगते की दुकानात हात लावून कापड ठरवू नका. नव्या सुती कापडात खळ असते, त्यामुळे विरळ विणीचं कापडसुद्धा भरीव लागतं. घरी आणून रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, धुवा, वाळलं की इस्त्री न करता गालाला लावून बघा. खरा पोत तेव्हा कळतो. आटायचं तेही तेव्हाच आटतं. मलमलचा एक मीटरचा तुकडा धुतल्यावर 95 सेंटिमीटर भरला. एवढ्याशा बंडीत तेवढा फरक म्हणजे काखेत काचणारच. म्हणून प्रत्येक कापड दोनदा धुतल्याशिवाय मी बेततच नाही.

नातवासाठी मलमलला तोड नाही. कापूस ओलावा धरून ठेवतो, साधारण हवेत स्वतःच्या वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. मग घाम अंगावरच साचतो, घामाची छिद्रं बुजतात आणि घामोळं उठतं. पण नुसतं सुती असूनही भागत नाही, हे होजिअरीचे कपडे घालताना दिसलं. होजिअरी म्हणजे बनियनचं असतं तसं कापड. तेही सुतीच, मऊ, ताणली जाणारी, डोक्यातून चटकन घालता येते. मात्र जाडसर होजिअरी घाम पिते आणि तशीच ओली राहते. दुपारी बाळ झोपून उठलं की पाठीला गार ओलं कापड आणि वरून कूलरचा वारा. मलमलचं झबलंही भिजतं, पण विरळ विणीमुळे बघता बघता वाळतं. मे महिन्यात पारा 40 च्या वर आणि हवा कोरडी, तेव्हा दोन्ही कशीबशी चालून गेली. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली आणि होजिअरी मी दुपारपुरती तरी बंदच केली. रात्री मात्र ती उपयोगी पडते. मालव्यात उन्हाळ्यातही पहाटे गारवा असतो, तेव्हा पातळ होजिअरीची पूर्ण बाह्यांची बंडी पांघरुणापेक्षा बरी. पांघरूण तो लाथाडूनच देतो.

मलमलचा दोष हा की ते विरतं. काखेपाशी शिलाई शाबूत आणि शेजारचं कापड जाळीसारखं, असं दोन झबल्यांचं झालं. त्यानंतर खांद्याला आणि काखेला आतून मलमलचाच दुसरा थर दिला, गळ्याला उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावली. ती झबली अजून धडधाकट आहेत. सुई 9 किंवा 11 नंबरची घ्या. 14 नंबरची सुई या कापडाला भोकं पाडते आणि सूत तिथूनच सुटायला लागतं.

नातीला मात्र मलमल नको. उन्हात खेळणाऱ्या मुलीच्या अंगावर पातळ पांढऱ्या मलमलमधून ऊन सरळ आत येतं, आणि घसरगुंडीवर ते टिकतही नाही. तिच्यासाठी कॅम्ब्रिक. विण घट्ट, वजन बेताचं, आणि धुण्यागणिक मऊ होत गेलं. सैल फ्रॉक, कोपरापर्यंत बाही, कमरेला इलॅस्टिक नाही. इलॅस्टिक घाम अडवतं आणि नेमका तिथेच लाल पट्टा उठतो.

बाग प्रिंटचे दोन फ्रॉक सगळ्यात देखणे झाले. बाग हे गाव आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यातलं. तिथे लाल रंग तुरटीवर ॲलिझरीन या रंगद्रव्याने येतो, काळा लोखंडाच्या गंजापासून, आणि कापड धावडीच्या फुलांबरोबर उकळलं जातं. रंग धाग्यात मुरतो, वर थर बसत नाही, म्हणून छापलेला भागही कोऱ्या भागाइतकाच मऊ. बाजारात तशाच नक्षीचं स्क्रीन प्रिंटही मिळतं. छापावरून बोट फिरवलं की रंगाचा जाडसर थर लागतो. तो भाग हवा जाऊ देत नाही आणि अंगाला टोचतो. पहिल्या धुण्यांत अस्सल बागचाही थोडा रंग जातो, तेव्हा ते वेगळं धुवा.

रेयॉन दुकानात मोहात पाडतं. थंड, सुळसुळीत, आपल्या उज्जैनजवळच्या नागद्यालाच याचा तंतू बनतो. पण ओलं असताना तो बराच कमजोर होतो. रोज घासून धुवायच्या कपड्याला हे जमणारं नाही, नातीची चड्डी महिन्याभरात ढेपाळली. लिनन उत्तम, फक्त महाग, आणि मऊ व्हायला वेळ घेतं. माहेश्वरी कापडात सहसा ताणा (उभा धागा) रेशमाचा, बाणा (आडवा धागा) सुताचा आणि काठाला जर असते. बारशाला शोभून दिसेल, रोजच्या अंगाला नको.

एका दुकानात ‘प्योर कॉटन है दीदी’ म्हणून दिलेलं कापड मिक्स निघालं, ते परत केलं. इंदूर गिरण्यांचं गाव. माझे सासरे हुकुमचंद मिलमध्ये होते, 1991 मध्ये ती बंद पडेपर्यंत. कडेचा एक धागा उपसायचा आणि पेटत्या वातीजवळ न्यायचा, ही त्यांची कापड ओळखायची रीत. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि भुरभुरीत राख होते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि कडक मणी उरतो. ताणा आणि बाणा दोन्हीकडचे धागे तपासा, भेसळ एकाच बाजूला असू शकते.

चांगल्या कापडाची माती आतली शिवण करते. इंटरलॉकचा, म्हणजे दशा सुटू नयेत म्हणून मशीनने कडेला घातलेल्या टाक्यांचा, नायलॉन धागा मलमललाही काचरं करून टाकतो, बाळाच्या काखेत बारीक लाल रेघ दिसते ती त्याचीच. मी आधी सुलट बाजूने शिवते, कडा कातरून कापड उलटवते आणि पुन्हा शिलाई मारते. दशा आत बंद होतात आणि अंगाला फक्त गुळगुळीत रेघ लागते. शिंप्याकडे टाकत असाल तर हे आधीच सांगा, आणि सुती रीळ वापरायला लावा. लेबल गळ्यात नको. गळ्याला नाडी तर अजिबात नको, अडकून फास बसू शकतो. पाठीवर चापबटणंही नकोत, झोपलेल्या बाळाला ती रुततात. खांद्यावर बारीक चपटं बटण सगळ्यात बरं, घट्ट शिवलेलं, कारण पोर ते तोंडात घालणारच.

नातीच्या फ्रॉकना खाली दोन इंच दुमड ठेवली आहे, कॅम्ब्रिक अजून एक उन्हाळा सहज काढेल. नातवासाठी मलमल पुन्हा आणावं लागेल, या वेळी सगळ्या बंड्या दोन थरांच्या शिवणार.