पांढऱ्या पॉलिपचा लाल गोर्गोनियन लाइटवर जगत नाही

"लाइटवर जगतो, खायला काही घालावं लागत नाही." नागपुरात रीफ टँकवाल्यांना, म्हणजे घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यांना, गोर्गोनियन (झाडासारख्या फांद्यांचं प्रवाळ) विकताना हे हमखास ऐकवलं जातं, आणि फसवणूक तिथूनच सुरू होते. व्हिडिओत निळ्या लाइटखाली लालभडक किंवा पिवळी फांदी दिसते, तिच्यावर पांढरे पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे फुलासारखे दिसणारे इवले जीव, फुललेले. माणूस हरखतो, पैसे पाठवतो. पण ते पांढरे पॉलिपच धोक्याची खूण आहेत. लाइटवर जगणाऱ्या गोर्गोनियनच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ असतं, ते त्याला अन्न पुरवतं. त्यामुळे त्याचे पॉलिप तपकिरी दिसतात आणि फांदी बहुधा जांभळी, करडी किंवा भुरी असते. लाल, केशरी, पिवळ्या फांदीवर पांढरे पॉलिप दिसले की समजा, आत शेवाळ नाही. त्याला रोज तीन-चार वेळा रोटिफर, सायक्लोप्ससारखं बारीक खाद्य लागतं. एवढं खाद्य पडलं की पाणी बिघडवणारे नायट्रेट-फॉस्फेट चढतात, आणि घरच्या टँकला ते झेपत नाही.

खरी मेख अशी, की तो लगेच मरत नाही. गॅरंटी असते पिशवी उघडल्यापासून जेमतेम दोन तासांची. पुढे पॉलिप बंद राहिले की उत्तर येतं, "सेट होऊ द्या." अंगावर मेणासारखा पापुद्रा धरतो, निरोगी गोर्गोनियनही तो टाकतोच, म्हणून आपणही थांबतो. काही आठवड्यांनी कातडी सुटू लागते, आतली काळी, तारेसारखी काडी उघडी पडते, तिच्यावर शेवाळ चढतं. प्राणी उपाशी मेलेला असतो, दोष मात्र आपल्या माथी: नागपूरचा उन्हाळा, नळाचं पाणी. चिलर लावून टँक २५ अंशांवर असो, सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) १.०२५ असो, पाणी आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं) असो, उत्तर बदलत नाही.

तपकिरी पॉलिपचा घेतानाही बूड बघा. कालच तोडलेला तुकडा जुना फ्रॅग (आधीच रुजवलेला तुकडा) म्हणून खपवतात. तुकडा लावायचा तर बुडाची सेंटिमीटरभर कातडी खरवडून फक्त काडी प्लगच्या (तुकडा लावायच्या छोट्या चकतीच्या) भोकात बसवावी लागते. कातडीसकट ग्लूमध्ये खुपसला की बुडातून सडतो आणि सड वर चढत जाते. पांढऱ्या लाइटखाली बुडाचा व्हिडिओ मागा. कातडी प्लगवर पसरलेली दिसली तरच तो रुजलेला.

आता कायद्याचं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून सगळे सी फॅन, म्हणजे गोर्गोनियन, आहेत. आपल्या समुद्रातून काढलेला विकणं जसा गुन्हा, तसाच विकत घेणंही. पैसे बुडाले तरी तक्रारीला जाणारा स्वतःच अडकेल, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. "फार्मचा आहे" म्हणणाऱ्याकडे आधी परवानगीचा कागद मागा. कागद नाही, तर व्यवहार नाही. फ्रेममध्ये घालून 'इंद्रजाल' वनस्पती म्हणून विकतात ती काळी जाळीसुद्धा झाड नव्हे. तो वाळवलेला सी फॅन किंवा काळं प्रवाळ असतं, आणि ही दोन्ही त्याच अनुसूचीत आहेत.